बोलणाऱ्याने शेवटी ऐकायचे असते

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर ०९/२७ आणि १४/३२ अशा दोन धावपट्ट्या आहेत. त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. या एका पट्टीवरून दिवसाकाठी नऊशेहून अधिक विमाने चढतात-उतरतात. एवढ्या दाटीत टॉवर आणि वैमानिक यांचे रेडिओवरचे बोलणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. इथे सगळेच दोनदा बोलले जाते. विमानाला १५,००० फुटांवर आणताना कंट्रोलर म्हणतो, "फ्लाइट लेव्हल १५०पर्यंत खाली या." वैमानिक लगेच तेच म्हणून दाखवतो, "फ्लाइट लेव्हल १५०पर्यंत खाली येत आहोत," आणि शेवटी आपल्या विमानाचा कॉल-साइन जोडतो. सेकंदा-सेकंदाची ओढाताण असलेल्या या धंद्यात निम्मा वेळ सांगितलेले परत सांगण्यात जातो आणि कोणीही त्याला उधळपट्टी म्हणत नाही.

या परत सांगण्याला हवाई क्षेत्रात 'रीडबॅक' म्हणतात. पण खरे आश्चर्य त्याच्या पुढच्या पायरीत आहे आणि ती पायरी बाहेरच्याला ऐकूच येत नाही. वैमानिक आदेश परत म्हणत असताना कंट्रोलर गप्प राहून तो ऐकत असतो. आपण दिलेला आकडा आणि परत आलेला आकडा एकच आहे ना, हे ताडून पाहत असतो. या ऐकण्याला 'हिअरबॅक' म्हणतात. आदेश देणाऱ्याचे काम आदेश देऊन संपत नाही. तो परत ऐकून संपते. संवादात ऐकण्याची जबाबदारी समोरच्याची, असे आपण सहसा धरून चालतो. हवाई वाहतुकीने गेल्या पाऊणशे वर्षांत, फार मोठी किंमत मोजून, ही जबाबदारी बोलणाऱ्याच्याही गळ्यात बांधली आहे.

एका वेळी एकच तोंड

ही पद्धत का लागली हे कळायला आधी रेडिओचा स्वभाव पाहावा लागतो. विमान आणि जमीन यांच्यातले नेहमीचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या व्हीएचएफ रेडिओवर चालते. एका भागातली सगळी विमाने आणि त्यांचा कंट्रोलर एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. बोलायचे तर बटण दाबायचे, ऐकायचे तर सोडायचे. बटण दाबलेले असेपर्यंत बोलणाऱ्याला दुसऱ्या कोणाचे काहीही ऐकू येत नाही. समोरासमोर बोलताना आपण समोरच्याच्या कपाळावरची आठी, मान हलवणे, मध्येच आलेला 'अं?' हे सारे टिपत बोलणे सुधारत जातो. इथे यातले काहीच नाही. बोलणारा पूर्ण आंधळा आणि तेवढ्यापुरता बहिराही असतो.

दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर? दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात आणि इतरांना कर्कश शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो. संगीत ऐकण्यासाठी एफएम चांगले, तरी विमाने अजूनही जुने एएम वापरतात, याचे एक कारण या शिट्टीत आहे. एफएममध्ये जोरदार लहर कमजोर लहरीला गिळून टाकते आणि आणखी कोणी बोलत होते हे कळतही नाही. एएमची शिट्टी निदान सांगते, की काहीतरी ऐकायचे राहून गेले आहे. ती शिट्टीसुद्धा एक प्रतिसादच आहे, मात्र तिचा अर्थ लावणारा हवा.

नेमके काय परत म्हणायचे

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिच्या नियमांत रीडबॅकची यादी ठरलेली आहे. मार्गाची परवानगी, धावपट्टीवर शिरण्याची, ती ओलांडण्याची, तिच्या अलीकडे थांबण्याची, उतरण्याची आणि उड्डाणाची सूचना, वापरात असलेली धावपट्टी, उंचीमापक जुळवण्याचा दाब, ट्रान्स्पॉन्डर या रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा आकडा, उंची, दिशा आणि वेग. म्हणजे ज्या गोष्टी चुकल्या तर विमान चुकीच्या जागी जाईल, त्या सगळ्या. वाऱ्याची माहिती परत म्हणत बसायची नाही. यादी आखूड ठेवली आहे, कारण सगळेच परत म्हटले तर महत्त्वाचे कोणते ते हरवते. विमानतळावर गाडी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही धावपट्टीविषयीची सूचना अशीच परत म्हणावी लागते. पुण्यात लोहगावला हवाई दलाचे कंट्रोलर असतात, गोव्यात दाबोळीला नौदलाचे. वर्दी बदलली तरी नियम तोच राहतो.

चित्रपटांनी लोकप्रिय केलेल्या 'रॉजर'ची इथली किंमत फार मर्यादित आहे. त्याचा अर्थ एवढाच, की तुमचे शेवटचे बोलणे मला पूर्ण मिळाले. समजले का, पटले का, तसे करणार का, याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. करणार असल्यास 'विल्को' म्हणायचे, जमणार नसल्यास 'अनेबल', कळले नसल्यास 'से अगेन'. रीडबॅक हवा असताना नुसते 'रॉजर' म्हणून सुटका करून घेता येत नाही. बाजारात पाठवताना आईने यादी सांगावी आणि मुलाने "हो, हो" म्हणत चपला घालाव्यात, तसे ते होईल. शहाणी आई त्याला उंबऱ्यावर थांबवून यादी म्हणायला लावते.

उच्चारांचीही अशीच बांधणी झाली. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही आज सर्वत्र वापरली जाणारी अक्षरमाला १ मार्च १९५६ रोजी अंतिम रूपात लागू झाली. त्याआधी वेगवेगळ्या देशांच्या आणि भाषांच्या लोकांकडून शब्द वदवून आणि ऐकवून घेऊन चाचण्या झाल्या. प्रश्न बोलायला सोपे काय एवढाच नव्हता. खरखरीत, परक्या उच्चारातून आलेला कोणता शब्द दुसऱ्या शब्दासारखा ऐकू येणार नाही, हाही होता. इंग्रजी आकड्यांतले फाइव्ह आणि नाइन रेडिओवर एकमेकांत मिसळतात, म्हणून पाचाला 'फाइफ' आणि नवाला 'नायनर' म्हणायचे ठरले. ही भाषा ऐकणाऱ्याच्या कानासाठी घडवली गेली आहे.

तेनेरिफे, १९७७

तरीही या क्षेत्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात हवेत झालेला नाही; तो जमिनीवर, धावपट्टीवर, आणि बऱ्याच अंशी बोलण्या-ऐकण्यात झाला. २७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारिया बेटाच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला, म्हणून तिकडे जाणारी विमाने शेजारच्या तेनेरिफे बेटावरील लोस रोदेओस या लहान विमानतळावर वळवली गेली. त्यांत दोन बोइंग ७४७ होती. एक डच कंपनी केएलएमचे, दुसरे अमेरिकन कंपनी पॅन अ‍ॅमचे. मार्ग मोकळा झाला तोवर डोंगरावरून धुके उतरले होते. उभ्या विमानांनी टॅक्सीवे अडवलेला असल्याने दोन्ही विमानांना धावपट्टीवरूनच चालत पुढे जायचे होते. केएलएम टोकाला जाऊन वळून उभे राहिले. पॅन अ‍ॅम त्याच्या मागोमाग येत होते आणि मधल्या एका फाट्याने बाहेर पडणार होते. टॉवरला दोन्ही दिसत नव्हती, तीही एकमेकांना दिसत नव्हती. या विमानतळावर जमिनीवरची विमाने दाखवणारे रडारही नव्हते. उरला फक्त आवाज.

केएलएमचे कॅप्टन याकोब व्हेल्डहॉयझेन व्हान झान्टेन हे कंपनीतील ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते. कामाच्या तासांची मर्यादा जवळ येत चालली होती आणि धुके वाढत होते. सहवैमानिकाने मार्गाची परवानगी मागितली. टॉवरने उड्डाणानंतर कुठे वळायचे आणि किती उंच जायचे ते सांगितले. ती मार्गाची परवानगी होती, उड्डाणाची नव्हे. पण तिच्यात 'टेक-ऑफ' हा शब्द होता. सहवैमानिकाने ती नियमाप्रमाणे परत म्हटली आणि शेवटी घाईघाईने जोडले, की आम्ही आता 'अ‍ॅट टेक-ऑफ' आहोत. तो बोलत असतानाच कॅप्टनने इंजिनांचा जोर वाढवला होता.

या वाक्याचे दोन अर्थ होत होते. टॉवरने ऐकले, की विमान उड्डाणाच्या जागेवर थांबले आहे. प्रत्यक्षात ते धावायला लागले होते. टॉवरने आधी "ओके" म्हटले. क्षणभर थांबून पुढचे वाक्य उच्चारले, की उड्डाणासाठी थांबा, मी सांगेन. त्याच क्षणी धुक्यातून पॅन अ‍ॅमने बटण दाबून सांगितले, की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही इशारे एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटात पहिले "ओके" स्वच्छ पोहोचले आणि नंतर काही सेकंद ती शिट्टी वाजत राहिली. तिचा अर्थ स्पष्ट होता, की काहीतरी ऐकायचे राहिले. 'से अगेन' कोणी म्हटले नाही.

यानंतरही एक संधी आली. टॉवरने पॅन अ‍ॅमला धावपट्टी सोडली की कळवा असे सांगितले आणि पॅन अ‍ॅमने होकार दिला. हे बोलणे केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने ऐकले आणि ते विमान अजून बाजूला झालेले नाही का, असे विचारले. कॅप्टनने ठामपणे झाले आहे असे सांगितले. कंपनीतला एवढा ज्येष्ठ वैमानिक ठाम बोलल्यावर पुढे कोणी बोलले नाही. काही सेकंदांनी धडक झाली. केएलएममधील सर्व २४८ आणि पॅन अ‍ॅममधील ३३५ असे एकूण ५८३ लोक मरण पावले. वाचले ६१, तेही सर्व पॅन अ‍ॅममधले.

या अपघातानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द बंदिस्त झाला. प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना आणि तेवढ्याच परवानगीचा रीडबॅक करतानाच तो उच्चारायचा. बाकी सर्व ठिकाणी 'डिपार्चर' म्हणायचे. नुसत्या "ओके"वर काम भागवणेही चुकीचे ठरले. रीडबॅक तेनेरिफेतही झाला होता. पण त्याच्या शेवटी चिकटलेल्या चार शब्दांना नेमका अर्थ नव्हता आणि तो अर्थ विचारून घेण्याआधीच होकार गेला होता.

चुकलेला रीडबॅक, गप्प राहिलेला टॉवर

हिअरबॅक न झाल्यास काय होते, याचे सर्वांत उघड उदाहरण मलेशियातले आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे येत होते. कंट्रोलरने २,४०० फुटांवर या असा आदेश दिला. मात्र आकडा सुटा सुटा उच्चारला: टू, फोर, झीरो, झीरो. इंग्रजीत 'टू' म्हणजे दोन आणि 'टू' म्हणजे 'पर्यंत'सुद्धा. वैमानिकांनी ४०० फुटांपर्यंत या असे ऐकले आणि परत सांगितले, "ओके, फोर झीरो झीरो." दोन हजार फुटांचा फरक असलेला रीडबॅक टॉवरच्या कानावरून गेला, पण टॉवरने दुरुस्ती केली नाही. दुरुस्ती न होणे म्हणजे होकार, असे वैमानिकांनी धरले. आदेशातल्या उंचीपेक्षा जवळजवळ दोन हजार फूट खाली विमान टेकडीवर आदळले आणि त्यातील चौघेही गेले.

इथे पद्धतीचे यंत्र बाहेरून पूर्ण चाललेले दिसते. आदेश गेला, उत्तर आले. उणीव एकच होती, ज्याने आदेश दिला त्याने उत्तर ऐकले नाही. उंची सांगताना 'दोन हजार चारशे' असे हजार-शेकडा शब्दांसह म्हणावे, या नियमामागे अशाच घटनांचा धडा आहे.

कान मनाचे ऐकतात

प्रशिक्षित, जबाबदार माणसाच्या कानावरून एवढी चूक निसटते कशी? नासासाठी विल्यम मोनन यांनी १९८६मध्ये याच 'हिअरबॅक'च्या प्रश्नावर वैमानिक आणि कंट्रोलर यांच्या अहवालांचा अभ्यास केला. त्यातून दिसणारी माणसाची रीत आपल्या रोजच्या अनुभवातलीही आहे. आपण जे ऐकू येईल असे धरून बसलेलो असतो, तेच ऐकू येते. कंट्रोलरने नुकतेच २,४०० म्हटलेले असते, तोच आकडा त्याच्या मनात घुमत असतो. परत येणारे वाक्य ओळखीच्या लयीत आले, की मन त्यात आपला आकडा स्वतःच भरून घेते. त्यातच पुढच्या विमानाला काय सांगायचे याची जुळवाजुळव सुरू झालेली असते. वैमानिकाचेही असेच होते. रोज ज्या उंचीवर थांबवतात, तीच त्याला आजही ऐकू येते. दोन विमानांचे कॉल-साइन सारखे असले, तर एकाचा आदेश दुसरा उचलतो.

दिलासा देणारी गोष्टही आहे. अमेरिकेत किम कार्डोसी यांनी १९९०च्या दशकात हवाई नियंत्रणाच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा चुकीच्या रीडबॅकचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आढळले. मात्र एका दमात दिलेल्या सूचनेत जितक्या जास्त गोष्टी, तितक्या चुका अधिक, हेही दिसले. उंची, वेग, दिशा, फ्रिक्वेन्सी आणि दाब हे सगळे एका श्वासात सांगणाऱ्याचा वेळ वाचत नाही. त्याचे ओझे ऐकणाऱ्याच्या स्मरणावर पडते आणि मग चुकीचा रीडबॅक, दुरुस्ती, पुन्हा रीडबॅक यांत वाचलेला वेळ सव्याज परत जातो.

ऐकणे बोलण्याइतकेच महत्त्वाचे, या समजुतीवर वैमानिक आणि कंट्रोलर यांच्या इंग्रजीची परीक्षाही उभी आहे. आयकाओच्या निकषांनुसार सहा पातळ्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय कामासाठी निदान चौथी लागते. हा नियम मार्च २००८पासून लागू झाला. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि परस्परसंवाद अशा सहा अंगांनी माणूस तपासला जातो. सरासरी काढत नाहीत; सहांतली सर्वांत खालची पातळी तीच त्याची पातळी. फर्डे बोलणारा पण ऐकून न समजणारा माणूस इथे नापास होतो.

चरखी दादरी: शब्द परत आले, विमान खाली गेले

शब्द परत येणे पुरेसे नसते, हा धडा भारताला १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी मिळाला. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ वर चढत होते. कझाकस्तानच्या शिमकेंतहून आलेले इल्युशिन-७६ दिल्लीकडे उतरत होते. येण्या-जाण्याचा हवाई मार्ग तेव्हा एकच होता. सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितले होते. समोरून विमान येत आहे, हे कंट्रोलरने कझाक विमानाला कळवले, अंतर सांगितले, दिसले की सांगा असेही म्हटले. उत्तरे येत होती. तरी कझाक विमान १५,००० फुटांवर न थांबता खाली येत राहिले आणि हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ लोक मरण पावले. दोन विमानांच्या हवेतल्या धडकेत एवढी माणसे दुसऱ्या कोणत्याही वेळी गेलेली नाहीत.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने ठरलेल्या उंचीखाली उतरणे हे मुख्य कारण ठरवले आणि कझाक चमूच्या अपुऱ्या इंग्रजीवरही बोट ठेवले. संवादाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे कॉकपिटातली मांडणी. त्या विमानात रेडिओवर बोलणारा आणि विमान चालवणारा ही दोन वेगळी माणसे होती. रेडिओ ऑपरेटरच्या जागेसमोर उंची दाखवणारे स्वतंत्र यंत्र नव्हते. वैमानिकांच्या पुढ्यातले यंत्र त्याला मागून पाहावे लागे. म्हणजे टॉवरकडे शब्द परत जात होते एकाच्या तोंडून आणि विमान चालत होते दुसऱ्याच्या हाताने.

दिल्लीच्या कंट्रोलरलाही प्रत्यक्ष उंची दिसत नव्हती. तिथले रडार प्राथमिक प्रकारचे होते. विमान कुठे आहे ते त्यावर कळे, किती उंचीवर आहे ते कळत नसे. त्यासाठी विमानाच्या ट्रान्स्पॉन्डरशी बोलणारे दुय्यम रडार लागते. म्हणून पडताळा शब्दांपुरताच राहिला, कृतीचा झालाच नाही. अपघातानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे केले गेले, दुय्यम रडार आले आणि भारतीय हद्दीत उडणाऱ्या मोठ्या विमानांना धडकेची पूर्वसूचना देणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. नव्या ट्रान्स्पॉन्डरमुळे तर वैमानिकाने यंत्रात कोणती उंची भरली आहे, हेही अनेक ठिकाणी कंट्रोलरला पडद्यावर दिसते. तोंडाचा रीडबॅक आणि हाताचा रीडबॅक असे दोन्ही आता ताडून पाहता येतात.

कॉकपिटाच्या आत

टॉवरशी बोलणे सुधारले, पण कॉकपिटातल्या दोघा-तिघांनी एकमेकांचे ऐकावे कसे? २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचे डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडामुळे सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. कॅप्टनचे सगळे लक्ष चाकांत गुंतले होते. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांनी सांगितले, पण ते अशा सौम्य शब्दांत, की ते कॅप्टनच्या कानाला लागले, मनाला नाही. इंजिने एकामागून एक बंद पडली आणि विमान शहराच्या कडेला कोसळले. १८९पैकी १० जण दगावले. यानंतर १९७९मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि तिच्यातून 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' ही शिकवण उभी राहिली. युनायटेडने १९८१मध्ये ती आपल्या वैमानिकांना द्यायला सुरुवात केली. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडायची, उत्तर मिळाले नाही तर पुन्हा मांडायची आणि कॅप्टनने ती ऐकल्याचे दाखवायचे, हा तिचा गाभा आहे.

२५ जानेवारी १९९०ला न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या अव्हियान्का कंपनीचे बोइंग ७०७ इंधन संपून कोसळले, त्यात १५८पैकी ७३ लोक गेले. विमानाला वाटेत सव्वा तासाहून जास्त थांबवून ठेवले होते. कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितले, की आणीबाणी जाहीर कर. सहवैमानिकाने टॉवरला सांगितले, की आमचे इंधन संपत चालले आहे. कंट्रोलरने विचारले, की तुम्हाला थोडे लांबून फिरवून आणतो, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना? उत्तर गेले ते जमेल असे वाटते, आभारी आहे, अशा अर्थाचे. गर्दीच्या वेळी इंधनाची तक्रार प्रत्येक विमान करते. आणीबाणीचा ठरलेला शब्द मात्र एकदाही उच्चारला गेला नाही आणि आदबीने दिलेल्या उत्तराने प्रश्नाचाच उद्देश मारला. प्रतिसाद सभ्य असून उपयोग नाही. तो खरा असावा लागतो.

संस्थेचे कान

एखादी चूक एकाला कळली, पण शंभरांना कळली नाही, तर तीही न ऐकल्यासारखीच. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान उतरण्याच्या परवानगीचा चुकीचा अर्थ लावून डोंगरावर आदळले आणि ९२ जण मरण पावले. चौकशीत कळले, की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान नेमक्या त्याच चुकीतून थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण बाकीच्यांपर्यंत ते पोहोचायला वाटच नव्हती. म्हणून १९७६मध्ये नासाच्या देखरेखीखाली एक गोपनीय अहवालव्यवस्था सुरू झाली. वैमानिक, कंट्रोलर आणि इतर कर्मचारी आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग तिथे लिहून पाठवतात, ओळख पटवणारा तपशील काढून टाकला जातो आणि धडा सगळ्यांपर्यंत जातो. अहवाल नियामकाकडे नाही, तर त्रयस्थ संस्थेकडे जातो, ही त्यातली मेख आहे. शिक्षा देणाऱ्याच्या कानाशी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मोनन यांनी अभ्यासलेले अहवाल याच व्यवस्थेत जमा झालेले होते.

इतर धंद्यांतले रीडबॅक

परत म्हणून दाखवण्याची रीत विमानांनी शोधलेली नाही. जहाजावर सुकाणू धरणारा खलाशी अधिकाऱ्याचा हुकूम मोठ्याने परत म्हणतो, मग सुकाणू फिरवतो आणि फिरल्यावर पुन्हा कळवतो. शब्दाचा आणि कृतीचा असा दुहेरी पडताळा दर्यावर्दी लोकांकडे आधीपासून होता. भारतीय रेल्वेत दोन स्टेशनमास्तर फोनवर 'लाइन क्लिअर' देतात, तेव्हा एक 'प्रायव्हेट नंबर' देतात. हा क्रमाने न येणारा आकडा प्रत्येकाच्या स्वतःच्या तक्त्यातला असतो, तो वहीत नोंदला जातो आणि वापरला की खोडला जातो. नुसते "हो, पाठवा" असे फोनवर ऐकले म्हणून गाडी सुटत नाही. फाटक बंद केल्याची खात्री देताना गेटमनलाही असाच नंबर द्यावा लागतो. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक समोरच्या सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात, ती रीतही याच कुळातली. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००३च्या सुरक्षा-उद्दिष्टांत तोंडी किंवा फोनवर दिलेले आदेश लिहून घेऊन परत वाचून दाखवण्याची अट घातली. औषधाची मात्रा १५ की ५०, ही गफलत इंग्रजीत 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' ऐकताना सहज होते.

आवाजाविना संवाद

आता मुंबईच्या कंट्रोलरना अरबी समुद्रावर दूर असलेल्या विमानांशी डेटालिंकवरून लेखी संदेशांतही बोलता येते. पूर्वी तिथे एचएफ रेडिओच्या खरखरीतून आकडे ओळखावे लागत. लिखित आदेशात 'टू'चा घोळ नाही, उच्चाराची अडचण नाही, दोघे एकदम बोलण्याची शिट्टी नाही. त्याची किंमतही आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर असताना प्रत्येक वैमानिक इतरांचे बोलणेही ऐकत असतो आणि धोक्याची कल्पना त्यातूनही येते. तेनेरिफेत फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्याच विमानाचे बोलणे ऐकून शंका घेतली होती. लेखी संदेश ज्याचा त्यालाच जातो, ते उडत्या कानाने ऐकणे तिथे उरत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संदेश विमानाच्या संगणकापर्यंत पोहोचला की नाही, हे यंत्रे आपापसांत ठरवतात. त्याची पोच आपोआप मिळते. तेवढ्याने आदेश पूर्ण झाला असे कोणी मानत नाही. वैमानिकाने तो वाचून 'विल्को' किंवा 'अनेबल' यांपैकी एक उत्तर स्वतः निवडून पाठवेपर्यंत कंट्रोलरच्या पडद्यावर तो आदेश अपुराच राहतो आणि उत्तर उशिरा आले तर त्याला पाठपुरावा करावा लागतो. यंत्राला पोहोच कळते, समज कळत नाही. ती कळण्यासाठी आजही एका माणसाने उत्तर द्यावे लागते आणि ज्याने आधी सांगितले होते, त्याने थांबून ते उत्तर घ्यावे लागते.